नवा कॅमेरा आणि ओळखीचे चेहरे



आमच्या धर्मग्रामात कोणतीही गोष्ट फार काळ झाकून राहत नाही. फादरांनी नवी छत्री घेतली तरी तिची किंमत येत्या रविवारच्या आत वाडीवाडीला कळलेली असते. तेव्हा गेल्या जून महिन्यात मजकडे नवा कॅमेरा आला, ही वार्ता खानापूर तालुक्याच्या ह्या रानाकडेच्या गावात किती त्वरेने पसरली असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तरुणांनी विचारले, "फादर, किती मेगापिक्सेल?" त्यांच्या वडिलांनी विचारले, "केवढ्याला पडला?" आणि एका वृद्ध बाईने, जिच्या घरी लग्नात आलेला तांब्याचा हंडा अजून रोज भरला जातो, शांतपणे विचारले, "जुन्यात काय मोडलं होतं हो, फादर?"

हा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. जुन्या कॅमेऱ्यात काहीही मोडले नव्हते. मग पैसा का खर्चिला आणि त्याने काय मिळाले, ह्याचा हिशेब मांडावा म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. पैसा माझ्या थोरल्या बंधूंनी दिला, धर्मग्रामाच्या पेटीतला एक रुपयाही त्यात नाही, आणि कॅमेराही कोरा नसून एकाने वापरून विकलेला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्यांच्या मनात असा कॅमेरा घेण्याचा विचार आहे त्यांस माझ्या अनुभवाचा थोडाफार उपयोग होईल. ज्यांच्या मनात तसे काही नाही त्यांनाही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे नीट पाहण्यास एक निमित्त मिळेल, अशी आशा आहे.

प्रथम, फोटो काढण्याचा हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या संततधार पावसात आमच्याकडील एक शेतकरी अकस्मात वारला. वय चाळिशीच्या आतबाहेर. रात्री त्याचा पुतण्या मजकडे आला. शवपेटीजवळ ठेवण्यासाठी आणि महिन्याच्या मिस्सेच्या स्मरणपत्रिकेवर छापण्यासाठी फोटो हवा होता. घरात शोधाशोध झाली. आधार कार्डावर एक चित्र होते. त्यात तो हसतमुख मनुष्य पोलिसांनी धरून आणल्यासारखा भेदरलेला दिसत होता. दुसरे चित्र कोणाच्या तरी लग्नातले, वीस-बावीस माणसांच्या रांगेत मागे उभा असलेले. त्यात चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. तोच मोठा करून पाहिला. डोळ्यांच्या जागी काही करडे चौकोन तेवढे उरले. त्याचा धाकटा मुलगा त्या वेळी सहा वर्षांचा होता. तो मोठा झाल्यावर बापाचा चेहरा म्हणून त्याला ते करडे चौकोन दाखवावे लागणार, हा विचार कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही.

आज घरोघर फोन आहेत आणि प्रत्येक फोनला कॅमेरा आहे, हे खरे. तथापि त्या फोनांत काय असते ते पाहा. मुलांचे वाढदिवस, व्यालेली म्हैस, सणाच्या दिवशीचे ताट. फोटो काढणारा बाप फोटोत नसतो. स्वयंपाकघरातील आई तर कधीच नसते. ती "मी अशी अवतारात, मला नको" म्हणून पदर तोंडावर घेते आणि आपण ते ऐकतो. पुढे फोन विहिरीत पडतो किंवा जुना झाला म्हणून मोडीत जातो, आणि जे काही असते तेही जाते. यास्तव मी ठरविले की धर्मग्रामातील साठ वर्षांवरील प्रत्येक माणसाचा आणि प्रत्येक जोडप्याचा एक तरी चांगला फोटो काढावयाचा आणि तो कागदावर छापून त्यांच्या हाती द्यावयाचा. घरे एकशे चाळीस. घरांना आशीर्वाद देण्याच्या फेरीत हे काम करता येते.

हे काम मी जुन्या कॅमेऱ्यावर आरंभिले. तो निकॉनचा डी-५३००, २०१३ साली बाजारात आलेला. नवा आहे तोही निकॉनचाच झेड-५, २०२० सालचा. आता तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. जुन्याचे मेगापिक्सेल २४, आणि नव्याचेही २४. हे ऐकून त्यांची तोंडे उतरली. किंबहुना येथेच पहिला धडा आहे. चित्रात टिंबे किती ह्यावरून चित्राचे मोल ठरत नाही. ती टिंबे केवढ्या जागेत मांडली आहेत, ह्यालाही मोठे महत्त्व आहे. जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा पडदा, म्हणजे सेन्सर, सुमारे २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद आहे. नव्याचा ३६ गुणिले २४. क्षेत्रफळ काढले तर नवा पडदा जुन्याच्या सव्वादोन पटींहून मोठा भरतो. समजा, दोन शेतांत तितकीच रोपे लावली, पण एक शेत दुसऱ्याच्या सव्वादोन पट आहे. मोठ्या शेतातील प्रत्येक रोपाला अधिक ऊन आणि अधिक पाऊस मिळतो. तसाच हा प्रकार आहे.

ह्या मोठ्या पडद्याला 'फुल फ्रेम', म्हणजे पूर्ण चौकट, असे म्हणतात. पूर्ण कशाच्या मानाने? ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्स नावाच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दम्याचा विकार. त्या काळचे काचप्लेटींचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणे त्याला जमेना. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनविला. सिनेमाचे एक चित्र १८ गुणिले २४ मिलिमीटरचे असे. त्याने ते दुप्पट केले आणि २४ गुणिले ३६ ही चौकट जन्मास आली. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा लायका कॅमेरा लोकांपुढे आला, आणि पुढे जगभर फिल्मचा रोल म्हटले की बहुधा हीच चौकट असे. फिल्म जाऊन इलेक्ट्रॉनिक पडदे आले तेव्हा एवढा मोठा पडदा निर्दोष बनविणे फार खर्चाचे असल्याने बहुतेक कॅमेऱ्यांत लहान पडदे बसवू लागले. २००२ साली कॅननने पूर्ण चौकटीचा १डीएस आणला. तो श्रीमंतांचा आणि धंदेवाइकांचा. २००५ साली ५डी आला, तेव्हा ती चौकट जरा खाली उतरली. २०१३ साली सोनीने ए-७ आणून आरसा नसलेल्या लहान कॅमेऱ्यात ती बसविली. त्यानंतर वर्षावर्षाने किमती उतरल्या आणि जुन्या मालाच्या बाजारातून ही चौकट माझ्यासारख्याच्या हाती आली.

मात्र 'पूर्ण' ह्या शब्दाने कोणी दिपून जाऊ नये. वडोदऱ्याच्या वाचकांपैकी वृद्धांना आग्फा क्लिक-३ हा साधा पेटीकॅमेरा आठवत असेल; तो त्यांच्याच गावी तयार होत असे. त्यात १२० नंबरचा रोल घालीत आणि एकेक नेगेटिव्ह सुमारे सहा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद निघे. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातील त्या स्वस्त पेटीची चौकट माझ्या ह्या 'पूर्ण' चौकटीहून तिपटीपेक्षाही मोठी होती. माणसाने वस्तूला पूर्ण म्हटले म्हणून ती पूर्ण होत नाही.

असो. आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो.

पहिली गोष्ट जी मनात भरली ती अंधाराविषयी. आमच्याकडची जुनी घरे कौलारू. पुढे सोपा, मग माजघर, आणि त्यामागे स्वयंपाकघर, खिडक्या लहान. पावसाळ्यात दुपारी तीन वाजताही माजघरात दिवा लावावा लागतो. जुन्या कॅमेऱ्याने अशा जागी फोटो काढला की चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूस रंगीत रवा पसरल्यासारखा दिसे. मग फ्लॅश उडवावा लागे. फ्लॅश उडाला की वृद्ध माणूस डोळे मिटून दचकतो आणि पुढच्या चार फोटोंत त्या दचकण्याची वाट पाहत बसतो. नव्या कॅमेऱ्यात तितकाच रवा दिसण्यापूर्वी प्रकाश आणखी निम्म्याहून कमी झाला तरी चालतो. ऐकायला हे थोडे वाटते. परंतु माजघरातील प्रकाश आणि सोप्यावरील प्रकाश ह्यांत जे अंतर आहे, त्याचा बराच भाग एवढ्यातच मोडतो. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बाहेर आणावे लागत नाही. एका आजींचा फोटो मी त्यांच्या बाजेवरच, कौलात बसविलेल्या एका काचेच्या उजेडात काढला. हातात जपमाळ, चेहऱ्यावर वरून येणारा तो मऊ प्रकाश. त्यांना फोटोसाठी काहीच करावे लागले नाही. आजारी माणसाला ही केवढी सवड आहे!

दुसरी गोष्ट अंतराविषयी. आणि ही नीट समजून घेतली पाहिजे. माझ्यापाशी ५० मिलिमीटरची एक लेन्स पूर्वीपासून आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर ती ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकीच जागा दाखवी. म्हणजे चेहरा आणि खांदे टिपण्यास सोयीची, परंतु नवराबायको दोघांना शेजारी बसविले की मला मागे सरत सरत भिंतीला टेकावे लागे. नव्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स आपली खरी रुंदी दाखवते. त्याच खोलीत आता आजोबा, आजी आणि मांडीवरचा नातूही मावतो. मात्र एकट्याचा चेहरा हवा असेल तर ह्याच लेन्सने फार जवळ जाण्याचा मोह आवरावा. जवळून पाहिल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. ह्यात दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. चेहऱ्याची ठेवण आपण किती दूर उभे आहोत ह्यावर ठरते. लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यावयाचा ते ठरवते. म्हणून एकट्याच्या फोटोसाठी मी आता ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो आणि दीड-दोन मीटर दूर बसतो. सोप्यावर समोरासमोर बसून दोन माणसे बोलतात तेवढे हे अंतर. जवळची माणसे ज्या अंतरावरून एकमेकांचा चेहरा पाहतात त्याच अंतरावरून काढलेला फोटो ओळखीचा वाटतो, असे मला आढळले.

जुन्या लेन्सा ज्यांच्याजवळ आहेत त्यांच्यासाठी येथे एक सूचना. लहान पडद्यासाठी बनविलेली लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणी लावून बसते खरी, पण कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि चोवीसाचे दहाच मेगापिक्सेल हाती राहतात. तेव्हा नुसत्या कॅमेऱ्याच्या किमतीवर हिशेब करू नये; बैल घेतला की गोठाही पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट ही की ज्यासाठी लोक असा कॅमेरा घेतात ती मागची धूसरता ह्यात सहज मिळते. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडले, म्हणजे एफ १.८ वर ठेवले, आणि ८५ च्या लेन्सने दीड मीटरवरून फोटो घेतला, तर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीइतकाच भाग रेखीव येतो. डोळे स्वच्छ, कान धूसर, आणि मागची भिंत तर धुक्यात विरून गेलेली. प्रथम पाहणाऱ्यास हे जादूसारखे भासते. मलाही भासले. चेहरा जणू पुढे येऊन आपल्याशी बोलतो.

परंतु मी लोकांना दोन दोन फोटो दाखवू लागलो: एक मागचे सारे धूसर झालेला, आणि दुसरा छिद्र बरेच बारीक करून काढलेला, ज्यात घरही स्पष्ट दिसते. 'ह्यातला कोणता छापू?' असे विचारले. शहरातून सुटीत आलेल्या मुलांनी पहिला निवडला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बहुतेक वेळा दुसरा निवडला. का, ते एका आजोबांनी सांगितले. दुसऱ्या फोटोत त्यांच्यामागे दाराची चौकट दिसत होती. "हे सागवान मी स्वतः तासलंय, फादर. त्याच्याशिवाय नुसतं माझं थोबाड घेऊन पोरं काय करणार?" दुसऱ्या एका घरी बाईंना मागचा आल्तार हवा होता, त्यावर त्यांच्या सासूने आणलेला खुरीस आहे. तिसऱ्या घरी दावणीची म्हैस हवी होती, आणि ती मागे नको, शेजारी हवी होती.

ह्यावर मी पुष्कळ विचार केला. माणसाला त्याच्या परिसरातून सोडवून एकटे दाखविणे, हे आजकालच्या छायाचित्रणाचे भूषण मानले जाते. आमच्या लोकांना आपण एकटे आहोत असे वाटतच नाही. ते म्हणजे त्यांचे घर, त्यांचे दार, त्यांची माणसे. मोठ्या पडद्याच्या कॅमेऱ्याने मला धूसरतेचे सामर्थ्य दिले हे खरे. पण ते केव्हा वापरू नये हे त्या दारांनी आणि आल्तारांनी शिकविले. आता मी छिद्र एफ ५.६ किंवा ८ वर ठेवूनच आरंभ करतो, आणि मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे किंवा अर्धवट भरलेली खताची पोती असली तरच ती धूसर करण्यासाठी छिद्र उघडतो. त्यातही आधी विचारतो. कदाचित ती पोतीही कोणाला हवी असतील!

चौथी गोष्ट डोळ्यांविषयी. हा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधतो आणि त्यावरच लक्ष धरून ठेवतो. जाड भिंगाचा चष्मा असला, मोतीबिंदूने डोळा पांढुरका झालेला असला, तरी बहुधा तो चुकत नाही. जुन्या कॅमेऱ्यावर ठरावीक ठिपका डोळ्यावर आणून ठेवण्यात माझे सारे ध्यान जाई. समोरची व्यक्ती बोलत असताना मी तिचे ऐकत नसे. आता पाठीमागचा पडदा वर उचलून, कॅमेरा छातीशी धरून मी समोरच्याशी बोलू शकतो. पूर्वीचे फोटोवाले वरून खाली पाहण्याच्या पेटीने असेच काढीत. माझा चेहरा झाकला जात नाही. कॅमेऱ्याच्या साऱ्या नव्या सोयींपैकी ही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण माणसाचा चेहरा यंत्राकडे पाहून खुलत नाही, माणसाकडे पाहून खुलतो.

ह्याच संदर्भात एक लहानशी गंमत सांगतो. ह्या कॅमेऱ्यात आवाज न करता फोटो काढण्याची सोय आहे. मिस्सेच्या वेळी ती उपयोगी पडते. मात्र वृद्धांचे फोटो काढताना ती मी बंद ठेवतो. फोटो म्हटला की ही माणसे श्वास रोखून ताठ बसतात, आणि 'खट्' असा आवाज ऐकला म्हणजे श्वास सोडतात. आवाजच झाला नाही तर बिचारे श्वास रोखूनच राहतात. आणि चांगला फोटो कोणता? तो पहिल्या 'खट्'नंतर श्वास सोडून, "झाला का?" म्हणून हसतात, त्या क्षणाचा.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबात लग्नाच्या वयाची मुलगी आहे. वर्ण सावळा. स्थळांना पाठविण्यासाठी तिचा फोटो पूर्वी शहरातील एका स्टुडिओत काढला होता. तेथे तो इतका उजळ करून दिला की पुढे मुलाकडची माणसे घरी आली तेव्हा त्यांनी एकदा हातातील फोटोकडे पाहिले, एकदा मुलीकडे पाहिले, चहा घेतला आणि निघून गेली. कोणी काही बोलले नाही. मुलीने मात्र ते पाहणे पाहिले होते. मी घरी गेलो तेव्हा तिची आई मला आत बोलावून हळूच म्हणाली, "फादर, नव्या कॅमेऱ्यात जरा गोरी दिसू दे की हो."

ह्यात आईला दोष देण्याचे मला धैर्य झाले नाही. तिने जग पाहिले आहे. तथापि एक गोष्ट मी तिला समजावून सांगितली. सावळा चेहरा फोटोत काळवंडतो तेव्हा दोष चेहऱ्याचा नसतो. कॅमेरा समोरच्या साऱ्या दृश्याची सरासरी काढून प्रकाश ठरवतो. मागे पांढरी भिंत किंवा अंगात पांढरा पोशाख असला की तो 'प्रकाश फार झाला' असे समजून सारेच अंधारे करतो, आणि चेहऱ्यातील तेज त्यात बुडते. इतिहासही ह्या बाबतीत सावळ्यांच्या बाजूचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळांतून रंग जुळविण्यासाठी जी नमुनाचित्रे वापरीत, त्यांवर कित्येक वर्षे एका गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. त्या चेहऱ्यावर जे शोभे ते साऱ्या जगाला लावले गेले. आम्ही त्यात काळवंडलो आणि तो आपल्याच वर्णाचा दोष समजून बसलो.

त्या दिवशी आभाळ भरलेले होते. मुलीला मी सोप्याच्या कडेला, पावसाकडे तोंड करून बसविले. मागे कुडाची काळसर भिंत. नव्या कॅमेऱ्याच्या खिडकीत फोटो कसा येणार ते आधीच दिसते. चेहऱ्याला हवा तेवढाच प्रकाश येईपर्यंत चाक फिरविले आणि फोटो घेतला. मोठ्या पडद्याचे खरे देणे मला येथे दिसले. गाल, कपाळ, हनुवटी ह्यांच्यावरून उतरणाऱ्या छटा एकीतून दुसरीत मऊपणे मिसळल्या होत्या. सावळ्या रंगात जो तांबूस झाक असलेला उजेड असतो, तो जसाच्या तसा आला होता. रंग एका कणानेही बदललेला नव्हता. मुलीने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही मी आहे." आई काही बोलली नाही. आठवड्याने तिने निरोप पाठविला की त्याची एक मोठी प्रत भिंतीवर लावण्यासाठी हवी आहे. लग्न अजून ठरलेले नाही. परंतु आता जो कोणी येईल, त्याला फोटोतील मुलगी आणि चहा घेऊन आलेली मुलगी ह्यांत फरक आढळणार नाही, एवढे निश्चित.

चेहरा खरा दाखविणे आणि माणसाचा मान राखणे, ही दोन्ही कामे फोटोवाल्याची आहेत. हैदराबाद आणि इंदूरकडील वाचकांना राजा दीनदयाळ ह्यांचे नाव ठाऊक असेल. १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जन्मलेले हे गृहस्थ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस होते, आणि तेथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. काचेच्या मोठ्या प्लेटींवर काढलेली त्यांची चित्रे आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेली आहेत. पण मला त्यांची एक गोष्ट विशेष वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तेथे फोटो काढण्याचे काम एका स्त्रीकडे सोपविले. साधने मोठी होती, प्लेटी मोठ्या होत्या. तरी समोर बसणाऱ्याचा संकोच ओळखणे, हे त्याहून मोठे आहे हे त्यांनी जाणले. त्यांचे स्मरण करून मीही आता स्त्रियांचे फोटो काढताना घरातील एखादी लेक किंवा सून शेजारी असल्यावाचून कॅमेरा काढीत नाही, आणि फोटो दुसऱ्या कोणाला दाखविण्यापूर्वी ज्याचा त्याला दाखवतो. ज्याला आवडला नाही, त्याच्यासमोरच तो पुसून टाकतो.

नव्या कॅमेऱ्याचे जाचही सांगितले पाहिजेत. आरसा गेला म्हणून तो हलका असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात बॅटरीसह पाऊणशे ग्रॅम कमी पाऊण किलो, म्हणजे जुन्याहून सुमारे दीडशे ग्रॅम जड. त्यात जोडणी आणि लेन्स आलीच. ओढ्यापलीकडच्या वाडीवर चालत जाताना हे वजन खांद्याला कळते. बॅटरी लवकर उतरते, कारण आतला पडदा सतत जळत असतो. वीज गेलेल्या दिवसांत दुसरी भरलेली बॅटरी जवळ हवीच. आमच्याकडील दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि एकदा धरली की समूळ जात नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा लागतो. एक सोय मात्र मनापासून आवडली. ह्यात दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी लिहिला जातो. एक बिघडले तरी दुसरे आहे. ज्या माणसाला पुन्हा बसविता येईलच असे नाही, त्याच्या फोटोसाठी ही खबरदारी थोडी नव्हे.

तर मग हा कॅमेरा प्रत्येकाने घ्यावा काय? स्पष्ट सांगतो: नाही. फोनवर पाहावयाचा आणि फोनवरच पाठवावयाचा फोटो असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांतील फरक शंभरातील पाच माणसांनाही कळणार नाही. बारा इंच गुणिले अठरा इंचांची प्रत काढण्यास माझा जुना कॅमेराही पुरेसा होता. जो पैसा कॅमेऱ्यावर घालणार, त्यातील थोडा फोटो छापण्यावर घाला. कागदावर आलेला फोटो विहिरीत पडत नाही. आणि ज्याच्याजवळ केवळ फोन आहे, त्याने एवढे करावे: भर उन्हात नको, दिव्याखाली नको, वडीलधाऱ्या माणसाला दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूस, बाहेर तोंड करून बसवावे, आपण उंबऱ्याबाहेर, दोन पावले दूर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. अगदी जवळ जाऊ नये. मग त्याच्या तरुणपणाची एखादी गोष्ट विचारावी आणि ती ऐकत असताना फोटो काढावा. दारातला हा प्रकाश कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि त्याला पैसा पडत नाही.

आजपर्यंत एकशे चाळीसपैकी एकसष्ट घरे झाली आहेत. त्या एकसष्टांतील तीन माणसे ह्या पावसाळ्यात आपल्यातून गेली. तिघांच्याही शवपेटीजवळ त्यांचा स्वतःचा, हसरा, ओळखू येणारा चेहरा होता. उरलेली एकोणऐंशी घरे पुढच्या उन्हाळ्यापूर्वी पुरी करण्याचा विचार आहे. ज्या वाचकांच्या गावी असे काम करणारा कोणी नसेल, त्यांनी माझी किंवा कॅमेऱ्याची वाट पाहू नये. येत्या रविवारी मिस्सेहून घरी आल्यावर, आजीने नवे लुगडे बदलण्यापूर्वी, तिला दारात बसवावे. ती नको म्हणेल. तरी बसवावे.